बायकोच्या होडीला आठ भोकं

दर शनिवारी सकाळी साडेसहाला माझी बायको मला झोपेत सोडून एका म्हाताऱ्याबरोबर तळ्यावर मासे धरायला जाते, असं मी सिंगापुरात हार्बरफ्रंटच्या ऑफिसात हसत हसत सांगायचो. लोकही हसायचे. खरं म्हणजे मी झोपेत नसायचो. डोळे मिटून पडलेला असायचो आणि ती दार किती हळू ओढून घेते ते ऐकत असायचो. इतक्या हळू दार ओढायचं कारण काय, हा विचार करत पुढचा एक तास जायचा. मग उठून चहा करायचो, तो एकट्यापुरताच.

बावीस वर्षं मी जहाजावर होतो, शेवटची सात चीफ इंजिनिअर म्हणून. मागच्या वर्षी किनाऱ्यावरची नोकरी घेतली. आता खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या जहाजांच्या दुरुस्त्या बघतो. बोटीवर असताना नेहमी वाटायचं, की आपण घरी परतलो की घर आनंदाने सरकून आपल्याला जागा करून देईल. तसं काही झालं नाही. घर आपल्या जागी व्यवस्थित बसलेलं होतं. मला जागा मिळाली, पण सोफ्याचं डावं टोक आणि बाथरूममधला तिसरा हुक एवढीच. माझी सोळा वर्षांची मुलगी आईशी अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत तासन् तास बोलायची आणि मला मात्र ‘बाबा, वायफाय डाउन आहे’ एवढंच सांगायची.

आणि शनिवार तर या दोघींच्याही हातात नव्हता. शनिवार त्या तळ्याचा.

बायको लातूरची. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या गल्लीत वाढलेली, घागरी-कळश्या भरून ठेवायची सवय अजून गेलेली नाही. सिंगापूरच्या फ्लॅटमध्येही ओट्याखाली पाण्याने भरलेली एक बादली असतेच. लग्न झालं तेव्हा तिला पोहता येत नव्हतं. मी हर्णैचा. समुद्राच्या बाबतीत या घरात शेवटचा शब्द माझा असायचा, आणि ते मला फार आवडायचं. मी बोटीवरून फोन केला की ती विचारायची, वादळ कसं असतं, लाटा किती उंच असतात, आणि मी ऐटीत सांगायचो. आता तीच मला सांगत होती, की वारा ईशान्येचा सुटलाय, पाणी गार झालंय, अशा पाण्यात पीकॉक बास आळसावतो आणि खाली जाऊन बसतो, त्यामुळे नकली मासा अगदी हळू ओढावा लागतो. पीकॉक बास म्हणजे शेपटीवर काळा डोळा असलेला हिरवट पिवळा मासा. या तळ्यात जिवंत आमिष वापरायला मनाई आहे, म्हणून गळाला प्लास्टिकचे मासे आणि रबराचे बेडूक लावतात. हे सगळं ती जेवताना, पोळी मोडता मोडता सांगायची. आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बरं, धरलेला मासा घरी आणायचा नाही. फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. नंतर येताना टेक्का मार्केटला उतरून पापलेट विकत आणायचं. हर्णैला हे कळलं असतं तर लोकांनी आमच्याशी सोयरीक मोडली असती. मी हे दोनदा बोलून दाखवलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, “अंकल सोडतात, म्हणून मीही सोडते.”

हा अंकल म्हणजे तो म्हातारा. निवृत्त बसड्रायव्हर, चिनी, बासष्ट-त्रेसष्टचा, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा. इथे कुणाही वयस्कर माणसाला अंकलच म्हणतात हे मला माहीत आहे. तरी तिच्या तोंडून तो शब्द आला की मला नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं व्हायचं. अंकलने सांगितलं, अंकलने दाखवलं, अंकलने कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणली. डिसेंबरात इथे पाऊस सुरू होतो, पारा तेवीस-चोवीसवर येतो आणि सगळं शहर जॅकेट घालून हिंडतं. याला इथे हिवाळा म्हणायची पद्धत आहे. या हिवाळ्यात तळ्यावर कुणी फिरकत नाही, म्हणून ती दोघं हटकून जायची. पूर्वेच्या काठाला झाडांची एक लांब रांग आहे. अंकल त्यांना पाइन म्हणतो. ते पाइन नाहीत, ती सुरूची झाडं आहेत. कोकणात जन्मलेल्या माणसाला सुरू दाखवून पाइन म्हणायचं म्हणजे काय! पण आता बायकोही ‘पाइनच्या बाजूला मासा चांगला लागतो’ असं म्हणायला लागली होती.

मला तिने बोलावलं नव्हतं असं नाही. मी आलो त्या पहिल्याच महिन्यात म्हणाली, “चल ना एकदा तळ्यावर.” मी म्हणालो, “बावीस वर्षं पाण्यावर काढली, आता सुटीत पुन्हा पाणी कशाला?” आमच्याकडे कुणी जेवायला बस म्हटलं की आधी नको म्हणायचं असतं. मग समोरचा आग्रह करतो, आपण पुन्हा नको म्हणतो, आणि तिसऱ्यांदा पाट ओढून बसतो. मी त्या हिशोबाने नको म्हटलं होतं. पण ती चौदा वर्षं इथे राहिली आहे. इथे नको म्हणजे नको. तिने मान हलवली, बरं म्हणाली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मी वर्षभर दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसलो.

एका शनिवारी राहवेना. ती गेल्यावर तासाभराने मीही बस पकडून तळ्यावर गेलो आणि सुरूंच्या मागे चोरासारखा उभा राहिलो. मला काय दिसेल असं वाटलं होतं कोण जाणे. दिसलं ते असं: राखाडी पाणी, त्यावर दोन कायाक, एकट्याने वल्हवायच्या अरुंद होड्या, तिची केशरी, त्याची हिरवी, मध्ये वीस-पंचवीस फुटांचं अंतर. दोघंही एकमेकांकडे पाठ करून बसलेली. चांगला पाऊण तास मी तिथे होतो आणि त्या पाऊण तासात दोघांनी एक शब्दही उच्चारला नाही. एकदा त्याने थर्मास वर करून दाखवला, तिने नको म्हणून हात हलवला. बस. आणि मला सांगायला लाज वाटते, पण ती दोघं हसत-खिदळत असती तर मला इतकं लागलं नसतं. माझ्याबरोबर बसली की ती दर पाच मिनिटांनी काहीतरी बोलायची, बिल भरलंस का, एसीवाला कधी येणार, शांतता पडू नये म्हणून. त्याच्यासोबत तिला गप्प बसता येत होतं.

त्या आठवड्यात मी घरात फार वाईट वागलो. रविवारी जेवताना म्हणालो, “बस चालवणाऱ्या माणसाला बोटीतलं काय कळतं?” मुलगी फोनमधून डोकं वर करून म्हणाली, “बाबा, यू जेलस अह? ही इज सो ओल्ड, लाह.” दोघी हसल्या. मीही हसलो, आणि वरण-भात तसाच टाकून उठलो.

मग डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती कुडकुडत घरी आली. पायातले बूट पिळून काढण्याइतके ओले. रात्री खोकला लागला. मी विचारलं तर म्हणाली, “बसलं की पायाशी थोडं पाणी येतं. अंकल म्हणाले, नॉर्मल आहे.”

होडीत पाणी येतं, आणि ते नॉर्मल आहे! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू, तिच्या खोकल्याची काळजी होती, पण आनंद त्या काळजीपेक्षा मोठा होता. कारण हे खातं माझं होतं. जहाजाच्या पोटात पाणी शिरणं आणि ते थांबवणं, याच्यावर माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. पंप, व्हॉल्व, गळके पाइप, गंजलेला पत्रा. पाण्याच्या रेषेखाली एक मिलिमीटरचं भोक दिसलं तरी माझी झोप उडते. आणि हा बसड्रायव्हर माझ्या बायकोला सांगतो, नॉर्मल आहे.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. तळ्याच्या काठी बोटहाउस आहे, तिथे भाड्याच्या रॅकवर तिची कायाक असते. ती मी खाली उतरवली, उलटी केली आणि बघतच राहिलो. तळाला भोकं होती. एक नाही, आठ. अंगठा सहज आत जाईल एवढी, वरच्या बाजूपासून खालपर्यंत आरपार. बसायच्या जागेत, पायाशी, मागे सामान ठेवायच्या खोलगट भागात. मी खाली बसलो. माझी बायको आठ भोकांच्या होडीतून इतकी वर्षं फिरत होती आणि कुणालाही काही वाटलं नव्हतं. ती भोकं तिथे मुद्दाम केलेली असतील, त्यांचं काही काम असेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. इंजिन रूममधल्या माणसाला तळाचं भोक दिसलं की तो ते आधी बुजवतो आणि नंतर विचार करतो. शेजारी दोन तरुण आपली कायाक पुसत होते, त्यांना एक प्रश्न विचारला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी, बावीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस, पोरांना काय विचारणार!

काम मात्र झकास केलं. मऊ लाकडाचे निमुळते खुंटे आम्ही बोटीवर नेहमी ठेवतो. कुठे अचानक गळती लागली तर भोकात ठोकायचे. पाण्याने लाकूड फुगतं आणि जितकं फुगेल तितकं घट्ट बसतं. तसे आठ खुंटे मी मापाने तासून घेतले. भोकं आतून पॉलिश पेपरने घासली, खुंटे हातोडीने ठोकले, वर पुट्टी लिंपली, बोटाने गुळगुळीत केली. शेवटचा खुंटा बसवून हात पुसले तेव्हा इतकं बरं वाटलं, की मी त्या कायाकचा फोटो काढला. तिच्यावर आता माझी खूण होती. अंकल काहीही शिकवो, बायको बसणार होती माझ्या दुरुस्तीवर.

बायकोला मी शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं. फोटो दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “आठही?”

“आठही,” मी म्हणालो. “एक थेंब येणार नाही आता.”

“किती वेळ लागला?”

“तीन तास.”

ती माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, कौतुकाने हसली. “उद्या तूही चल मग,” ती म्हणाली. “काठावरून बघ.”

शनिवारी आम्ही बरोबर निघालो. वर्षात पहिल्यांदा. तळ्यावर अंकल आधीच येऊन बसला होता. मला बघून उठला, हात मिळवला. “यू हझबंड अह? शी ऑल्वेज से यू बिग शिप वन.” मोठ्या जहाजावरचा नवरा तो हाच ना, असं त्याला म्हणायचं होतं. मी छाती पुढे काढली. मग त्याने तिच्या कायाकमध्ये वाकून पाहिलं, बोटाने पुट्टी टोकरली, वर ढगांकडे पाहिलं. तिच्याशी बाजूला जाऊन काहीतरी बोलला. ती मान हलवून हसली आणि लाइफ जॅकेटचे बंद आवळायला लागली. मी मनात म्हटलं, जळला म्हातारा.

पहिला तास सोन्यासारखा गेला. ती पाइनच्या, म्हणजे सुरूंच्या रांगेकडे गेली. दोनदा वळून तिने मला हात केला आणि पाय उचलून दाखवले: कोरडे. मी काठावरच्या पडवीत कोपी पीत उभा होतो. त्याच्या हिरव्या कायाकमध्ये पायाशी पाणी असणार, हे आठवून मला फार समाधान वाटत होतं.

पाऊस आला तो सूचना न देता. आधी उत्तरेचा काठ दिसेनासा झाला, मग सुरू दिसेनासे झाले, मग वीज पडायचा इशारा देणारा भोंगा वाजायला लागला, म्हणजे सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं. इथला डिसेंबरचा पाऊस बादलीने ओततात तसा पडतो. पाच-सात मिनिटांनी दोन्ही कायाक पावसातून बाहेर आल्या. हिरवी पुढे होती, केशरी मागे, आणि केशरी कायाक नीट चालत नव्हती. तिचा मागचा भाग खाली गेला होता. बायको वल्हं मारत होती, पण होडी चिखलात रुतल्यासारखी जागच्या जागी हलत होती. जहाज असतं तर मी बघताक्षणी सांगितलं असतं, की मागच्या टाकीत पाणी भरलंय.

आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पाणी खालून येत नव्हतं, वरून येत होतं. ती कायाक म्हणजे वरून उघडी परात. पावसाचं आणि लाटांचं पाणी तिच्यात साठतं, आणि ते निघून जावं म्हणून तळाला भोकं ठेवलेली असतात. त्याच भोकांतून एरवी थोडं पाणी पायाशी वर येतं, एवढंच. अंकल म्हणाला होता ते खरं होतं. ते पाणी बाहेर जायच्या आठही वाटा मी मापाने तासलेल्या लाकडाने बंद केल्या होत्या, आणि आता ते लाकूड फुगत होतं.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. ती साठ-सत्तर मीटरवर असेल. साचलेलं पाणी एका अंगाला धावलं, कायाक त्या अंगाला कलली आणि बायको पाण्यात गेली. केशरी तळ वर आला. त्यावर माझ्या पुट्टीचे आठ पांढरे ठिपके ओळीने दिसत होते.

लाइफ जॅकेट होतं. तिचं डोकं लगेच वर आलं. पण मला ते त्या क्षणी पुरेसं वाटलं नाही. मी चपलांसकट कमरेपर्यंत पाण्यात शिरलो. तिकडून अंकल हात उभारून ओरडला, “डोन्ट कम! यू स्टे!” आणि मी थांबलो. जाऊन काय करणार होतो? मला वल्हवताही येत नव्हतं. बावीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस कमरेभर पाण्यात उभा राहून बघत होता. त्याने आपली कायाक तिच्याजवळ नेली, घाई न करता. वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि तिच्या लाइफ जॅकेटची खांद्यावरची पट्टी धरली. तिनेही त्याच्या मनगटाला धरलं. ते तिने न बघता धरलं, अंधारात आपण जिन्याचा कठडा धरतो तसं.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. त्या क्षणी, बायको पाण्यात, वर वीज, आणि सगळं माझ्यामुळे, अशा वेळी माझ्या मनात भीतीच्या शेजारी दुसरं काय होतं? त्या मनगटाचा हेवा होता. धडधडीत, जळजळीत हेवा. तिने असं न बघता मला कधी धरलं होतं, हे मी आठवत होतो आणि मला आठवत नव्हतं.

त्याने तिला काठापर्यंत ओढत आणलं. मग परत जाऊन कायाक आणली. बायको बोटहाउसमध्ये कपडे बदलायला गेली. अंकलने कायाक कुशीवर वळवून एक खुंटा आतून दगडाने ठोकला. खुंटा हलला नाही. दुसरा ठोकला, तोही हलला नाही. त्याने मान वर केली आणि मनापासून म्हणाला, “व्हेरी गुड जॉब.” त्यात टोमणा नव्हता, ते आणखी वाईट होतं.

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. त्याने दगड खाली ठेवला. मग म्हणाला, “शी नो, लाह. मॉर्निंग आय टेल हर, रेन कम, हाऊ? शी से, नेव्हर माइंड, माय हझबंड डू.”

म्हणजे तिला माहीत होतं. पाऊस आला तर काय, असं त्याने सकाळीच विचारलं होतं, आणि माझ्या नवऱ्याने केलंय, असू दे, असं म्हणून ती त्या होडीत बसली होती. पाय उचलून मला कोरडे पाय दाखवले होते.

घरी येऊन आल्याचा चहा केला, तोही तिनेच. मुलगी क्लासला गेली होती. मी ओट्याशी उभा होतो. बरेच शब्द जमवून शेवटी एवढंच विचारलं, “माहीत होतं तर गेलीस कशाला?”

“पुट्टी या प्लास्टिकला धरत नाही, हे मला फोटोतच कळलं होतं,” ती म्हणाली. प्लास्टिकवर संशोधन करण्याचाच तिला पगार मिळतो, हे मी विसरलो होतो. “वाटलं, एखादा-दुसरा खुंटा निघून येईल. खुंटे तू इतके छान बसवले असशील असं वाटलं नव्हतं.”

“पण सांगायचं ना!”

“तू इतका खूश होतास. आल्यापासून पहिल्यांदा. मला नको म्हणवलं नाही.” तिने कप माझ्याकडे सरकवला. “म्हणायला हवं होतं. चूक झाली माझी.”

तिने आपली चूक काढल्यावर मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरीही, निर्लज्जपणा बघा, मी विचारलं, “त्या माणसाबरोबर जायला तुला एवढं काय आवडतं?”

तिने आपला कप ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, “ऐक. पण मध्ये बोलू नकोस.”

महामारीत बंदरं बंद झाली, बदली माणसं येईनात, आणि मी चौदा महिने जहाजावर अडकून पडलो होतो. ते दिवस. “तुझा फोन लागायचा नाही,” ती म्हणाली. “आज येणार, उद्या येणार, करत करत मी वेडी व्हायची पाळी आली. तेव्हा वाटलं, आपणही पाण्यावर जाऊन बसावं. तू तिकडे पाणी बघत असशील, मी इकडे बघीन. म्हणून वल्हवायला शिकले. सुरुवातीला प्रत्येक शनिवारी मी तुझ्यासाठीच जायचे.”

त्या चौदा महिन्यांत मी पाणी फारसं पाहिलंच नव्हतं. इंजिन रूम पाण्याच्या रेषेखाली असते. तिथे काटे, दिवे आणि तेलाचा वास असतो. समुद्राच्या ज्या गोष्टी मी तिला ऐटीत सांगायचो, त्यातल्या निम्म्या डेकवर काम करणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या होत्या. हे मला तेव्हा बोलायचं होतं, पण तिने मध्ये बोलू नकोस म्हटलं होतं.

“मग एका शनिवारी,” ती म्हणाली, “परत येताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसले आणि लक्षात आलं, की सकाळपासून तुझी आठवणच आली नाही. एकदासुद्धा नाही. मी इतकी घाबरले! पुढच्या शनिवारी मुद्दाम आठवण काढली. एक मासा लागला आणि पुन्हा विसरले. आणि खरं सांगू? इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं मला. तेव्हापासून मी माझ्यासाठी जाते.”

“अंकलला हे माहीत आहे?”

“अंकल काही विचारतच नाहीत,” ती म्हणाली. “म्हणून तर.”

चहा गार झाला होता. मी तो तसाच प्यायलो. इतके दिवस मी एका म्हाताऱ्यावर जळत होतो. आता कळलं, की जळायचं असेल तर त्या एका शनिवारावर जळायला हवं, ज्यात मी कुठेच नव्हतो आणि ती सुखात होती. त्या शनिवारला कुठल्या खुंट्याने बुजवणार?

खुंटे काढायला मला पूर्ण रविवार लागला. ठोकून निघेनात, शेवटी ड्रिलने आतून कोरून भुसा करून काढले. अंकल स्वतःहून आला आणि कायाक धरून उभा राहिला. आम्ही दोघं काहीच बोललो नाही. मला ते जड गेलं, त्याला गेलं नाही. शेवटचं भोक मोकळं झाल्यावर त्याने नळीने वरून पाणी सोडलं, आणि ते आठही वाटांनी सळसळ खाली गेलं.

पुढच्या शुक्रवारी मी तिला विचारलं, “उद्या मी येऊ का? पाण्यात?”

माझा आवाज पडलेला असावा, कारण तिने हातातलं काम थांबवलं. दया येऊन ती हो म्हणेल की काय, अशी मला भीती वाटली.

“ये ना,” ती म्हणाली. “भाड्याने मिळतात कायाक. पण माझ्या मागेमागे येऊ नकोस हं. तळं मोठं आहे.”

शनिवारी ढग होते, पाऊस नव्हता. मला एक पिवळी, डागाळलेली कायाक मिळाली. वीसएक मिनिटं मी गोल गोल फिरत होतो, भाड्याने होडी देणारी बाई काठावरून डावं, उजवं सांगत होती. जरा सरळ जायला लागलो तसं माझं टोक आपोआप सुरूंच्या रांगेकडे वळलं, जिथे केशरी आणि हिरवी एकमेकींकडे पाठ करून थांबल्या होत्या. थोडं अंतर राहिलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं आणि थांबली. मी डाव्या बाजूला वल्हं उलटं मारलं, जसं त्या बाईने शिकवलं होतं, आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकाकडे निघालो.

माझ्या पायाशी थोडं पाणी होतं. अर्ध्या वाटेवर राहवलं नाही म्हणून वळून पाहिलं. तिच्या गळाला मासा लागला होता. तो हातात धरून तिने पाण्यात सोडला आणि ती हसली. अंकलकडे बघून नाही, माझ्याकडे बघून नाही, एकटीच. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण तिला असं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी तसाच, जळत जळत, पुढे वल्हवत राहिलो.